टॅबभाऊंच्या पायऱ्या

टॅबभाऊंच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: टॅब मारणारी आणि स्पेसबार बडवणारी. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला ते चहालासुद्धा विचारत नसत. शहापूरच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी मी चार वेळा स्पेसबार दाबला, तर पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "कोन रे तो खिळे ठोकतोय?"

भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं ऑफिस. शाळांच्या निकालपत्रकांचा प्रोग्राम आम्ही पायथनमध्ये लिहायचो. या भाषेत ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली यावर कोणती ओळ कोणाच्या पोटात ते ठरतं. ती जागा टॅबची कळ एकदा दाबून सोडा नाहीतर स्पेसबार चार वेळा दाबून. दोन्हींची भेसळ झाली की प्रोग्राम बसलाच म्हणून समजा. भाऊ अशा प्रत्येक जागेला पायरी म्हणत. "एक टॅब, एक पायरी. ती किती रुंद दिसावी ते ज्याचं त्यानं आपल्या एडिटरात ठरवावं. तुला चारची हौस तर चार बघ, साहेबांना आठ बघू दे, मला एक पुरं. तुमी स्पेसवाले आपली रुंदी दुसऱ्याच्या उरावर ठेवता."

मुंबईतल्या एका कंपनीत दोन वर्षं काढून मी वाशिंदला घरी परतलो होतो, म्हणजे चांगलाच दीडशहाणा झालो होतो. भाऊ किन्हवलीचे, पन्नाशी ओलांडलेले, टायपिंगच्या क्लासातून कोडपर्यंत पोहोचलेले. असा माणूस मला शिकवणार! त्यांचा स्क्रीन तर मला निव्वळ विनोद वाटे. एकेक अक्षर लिंबाएवढं, जेमतेम दहा ओळी मावत. त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. टॅबची रुंदी एका अक्षराएवढी ठेवली तरच आख्खी ओळ त्यांच्यापुढे मावायची. स्पेस असले की कोड उजवीकडे पळायचा आणि भाऊ नाक काचेला लावून त्याच्या मागे. टॅबवर त्यांची नोकरी टिकून होती. हे मला कळत होतं, तरी मी चारचौघांत म्हणायचो, "एका माणसासाठी सगळ्यांनी का मागं राहायचं?"

दया दाखवायची तर सोयच नव्हती. एकदा मी मोठ्या मनाने विचारलं, वाचून दाखवू का? भाऊ फणकारले, "वाचता येतं मला. तू नीट लिही म्हंजे झालं."

मुरबाडकडच्या शाळांचा निकाल तोंडावर आला आणि लक्षात आलं की प्रोग्राम काही मुलांचे ग्रेसचे गुण दोनदा मिळवतोय. मी आणि ऑफिसातला आणखी एक पोरगा, असे तरण्या डोळ्यांचे दोघं दोन दिवस शोधत होतो. भाऊंनी दुपारभरात चूक पकडली, तीन ओळी लिहिल्या, आपल्या प्रतीवर चालवून पाहिल्या आणि मला पाठवल्या.

मी आदल्याच दिवशी एक पराक्रम केला होता. कोड लिहायच्या माझ्या भारी एडिटरात अशी सोय होती की फाइल सेव्ह केली की सगळ्या टॅबांचे चार-चार स्पेस होत. सातशे ओळी मी अशा सुधारल्या होत्या आणि कोणाला सांगितलं नव्हतं. भाऊंच्या तीन ओळी मात्र घाईघाईत ऑफिसच्या जुन्या मशीनवरच्या साध्या नोटपॅडमध्ये चिकटवल्या. तिथे टॅबांचे स्पेस होत नसत; त्या ओळी जरा पुढे सरकलेल्या दिसल्या. भाऊंची खोड म्हणून मी सोडून दिल्या आणि एकदाही न चालवता फाइल शाळांना धाडली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पालक ताटकळत उभे, मुलं रडवेली, आणि प्रोग्राम सुरूच होईना. चूक कुठे ते सांगणारा संदेश बोट दाखवत होता भाऊंच्या पहिल्या ओळीकडे, कारण आख्ख्या फाइलमध्ये टॅब उरले होते ते तेवढेच. साहेब म्हणाले, "भाऊ, डोळ्यांनी आता जमत नाही तुम्हाला. राहू द्या." भाऊंनी बराच वेळ स्क्रीनला नाक लावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या ग्लासात पाहिलं. दोन मिनिटांत मी त्या तीन ओळींतल्या टॅबांचे स्पेस करून फाइल सुरळीत केली आणि वर शाबासकी घेतली. इतका निर्लज्ज माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

साहेबांनी भाऊंना महिन्याची नोटीस दिली आणि ती संपल्यावर भाऊ किन्हवलीला घरी बसले. आता मी नव्या पोरांना टॅब मारायला लावतो आणि मोठ्या तोंडाने कारणंही सांगतो. ऐकणाऱ्याला वाटावं, काय हा माणुसकीचा पुतळा!

मागच्या दिवाळीत धीर करून किन्हवलीला गेलो. भाऊंना आता उजेड-अंधार तेवढा कळतो. वहिनींनी चहा आणला. मी सुरुवात केली, "भाऊ, त्या फाइलचं..."

"ठाव हाय रे मला," ते म्हणाले. "कोनती ओळ कोनी बदलली त्याची नोंद मशीनात असती का नाय? त्याच सकाळी बघितली मी. सगळ्या सातशे ओळींवर तुजं नाव."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"तू सांगशील म्हनून थांबलो. नोटिशीचा आख्खा महिना थांबलो."

साहेबांना मी अजून सांगितलेलं नाही.