नेहमीसारखा फ्लेक्स

आमच्या मंडळाचं कपाट उघडलं की आधी चंदनाचा हार खाली पडतो आणि मग किस्से. हार एकच आहे, फोटो बदलतात. किस्से मात्र दर वेळी नवे जमा होतात, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय कपाटाचं दार लागत नाही.

दिल्लीत पाच वर्षं शिकून मी जालन्याला परत आले ती एका निश्चयानं, की आपल्या गावाला संगीत ऐकायची सवय लावायची. इथल्या मस्तगड भागात मोतीशेठचं पाइपांचं दुकान आहे. त्याच्या वरची खोली त्यांनी दर गुरुवारी संध्याकाळी मंडळाला वापरायला दिली. पहिल्या गुरुवारी मी आलापीवर पाऊण तास बोलले. ऐकायला तिघं होते: खोली त्यांची म्हणून मोतीशेठ, बॅनर लावायला आलेला फ्लेक्सवाला गजू, आणि बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवणारे करीमचाचा.

शेवटी शेठ म्हणाले, "ताई, छान बोलून राह्यल्या तुम्ही. पण दिवाळीपर्यंत पन्नास माणसं एका गुरुवारी दिसली न्हाईत, तर मी वर पाइप ठेवीन. पाइप निदान रोज हजर राहतात."

*

पुढच्याच महिन्यात एक मोठ्या गझल गायिका वारल्या. आम्ही श्रद्धांजली सभा ठेवली आणि माणसं जिन्यापर्यंत उभी. म्हटलं, गाव ऐकतंय!

पुढच्या रांगेतले एक काका रुमालानं डोळे पुसत होते. मी विचारलं, "काका, त्यांचं कोणतं गाणं तुम्हाला जास्त आवडायचं?"

"सगळीच," ते म्हणाले. मग माझ्याकडे झुकून हळूच, "गायच्या का त्या?"

मी शेठकडे गेले. पन्नासच्या वर माणसं झाली होती. शेठनी मान हलवली. "हे बराबर न्हाई. मेलेल्यासाठी जालना कधीबी येतं. जिवंत माणसासाठी पन्नास आणा, मंग खोली तुमची."

*

गजूच्या कॉम्प्युटरवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स तयारच असतो. एक समई, दोन कबुतरं, खाली शोकाकुल मंडळींचे फोटो. वरचा फोटो आणि नाव बदललं की झालं काम. पहिल्या गुरुवारचा बॅनर सोडला तर दुसरा कुठला फ्लेक्स आम्ही त्याच्याकडून कधी करून घेतलाच नव्हता.

एक नामवंत सतारिये गेले तेव्हा त्यांचा चांगला फोटो मिळेना. जो मिळाला तो मोठा केला की फुटायचा, म्हणून गजूनं तो पोस्टाच्या तिकिटाएवढा ठेवला. शोकाकुल शेठचा फोटो मात्र एकदम स्वच्छ होता. तो त्यानं हातभर केला.

दुपारपर्यंत शेठच्या घरी माणसं यायला लागली. शेठाणी दारातच उभ्या राहून प्रत्येकाला सांगत होत्या, "जेवून राह्यलेत. बसा, आत्ता येतील."

*

करीमचाचांचा किस्सा परतूरचा. वरात निघायच्या वेळेला बातमी आली की सिनेमात गाणाऱ्या एक थोर गायिका गेल्या. वऱ्हाडातली चार पोरं बँडसमोर आडवी झाली. आज फक्त त्यांचीच गाणी, आणि तीही दुःखाची.

चाचा काय करणार? वाजवली. एकामागून एक विरह. घोड्यावर नवरदेवाचा बांध फुटला. मांडवाच्या दारात नवरीचे वडील चाचांवर डाफरले, "पोरगी आमची चालली न् रडून राह्यला नवरदेव. हे काय वाजवता?"

चाचा म्हणाले, "पाव्हणे, श्रद्धांजली हाय. संपली की नाचाचं घेतो."

*

एकदा मोबाइलवर फिरत आलं की एक बुजुर्ग तबलावादक गेले. आम्ही घाईघाईनं सभा ठेवली. गावातले एक निवृत्त गुरुजी भाषणाला उभे राहिले, आणि तेवढ्यात माझ्या फोनवर दिसलं की ते तबलावादक त्याच क्षणी एका चॅनेलवर मुलाखत देत आहेत. चहाही पीत होते.

मी धावत जाऊन गुरुजींना ते दाखवलं. गुरुजींनी चष्म्यातून नीट पाहिलं, माइकवर हात ठेवला आणि म्हणाले, "ताई, माझी दोनच पानं राह्यली."

ती पानं त्यांनी पूर्ण केली. मी फोटोचा हार काढायला गेले तर शेठनी अडवलं. "घातलेला हार काढू न्हाई. उगं अपशकुन होतो त्यांना."

*

दिवाळीच्या आधीचा शेवटचा गुरुवार. शेठनी पाइप जिन्यात आणून ठेवले होते. मी ठरवलं, करीमचाचांचा सत्कार करायचा आणि त्यांची क्लॅरिनेट ऐकायची. चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या वरातीपुढे वाजवत चाललाय, आणि एकदाही कुणी त्यांना बसून ऐकलेलं नाही. चाचा म्हणाले, "अंकुशनगरला मिरवणूक हाय. तिथून सीधा येतो."

त्या दिवशी सकाळी मी आमंत्रणं द्यायला परतूरला गेले आणि बसमधून गजूला चाचांचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "नेहमीसारखा फ्लेक्स कर. एक चौकात लाव, एक वर खोलीत."

संध्याकाळी परत आले तर जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाइपांवरसुद्धा माणसं बसली होती. आनंदानं मला रडू आलं. वर पोचले तर सगळेच रडत होते.

समोर फ्लेक्स होता. समई, दोन कबुतरं, मध्ये चाचा. चाचांच्या घराला कुलूप, फोन बंद, आणि गजू सगळ्यांना सांगत होता, "ताईचाच मेसेज हाय."

शेठ माइकवर होते. "माझ्या बापाच्या वरातीपासून... न्हाई, माझ्या वरातीपासून हा माणूस वाजवून राह्यला. मी एकदा थांबून ऐकलं न्हाई. आज असते, तर पायाशी बसून ऐकलं असतं."

मी पुढे घुसणार तेवढ्यात मागून कुणीतरी मनगट धरलं. बँडचा लाल कोट, बगलेत क्लॅरिनेट. चाचा.

"थांब बेटा," ते कानाशी म्हणाले. "शेठचं होऊ दे."

शेठचं झालं. सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. चाचाही टोपी काढून उभे राहिले. मग ते लोकांमधून वाट काढत पुढे गेले, फ्लेक्सखाली मांडी घालून बसले आणि क्लॅरिनेट ओठाला लावण्याआधी म्हणाले,

"शेठ, पहिले माणसं मोजून घ्या. जिवंत माणसासाठी आलीत."