पान्यावरचं नाव

पान्यांच्या सेटवर नाव घालून घेणारा भोरमधला मी एकटाच माणूस असेन. लोक भांड्यांवर नावं घालतात. लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला. पाना कुणी कुणाला बारशात देत नाही.

जुनी चारचाकी घेतली तेव्हाच ठरवलं होतं की बारीकसारीक कामं घरीच करायची. मोबाईलवर पाहून माणसाला सगळं येतं अशी तेव्हा माझी समजूत होती. बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पान्यांचा सेट मागितला. दुकानदारानं विचारलं, सुती हवा की एमएम? (इंचाच्या मापाला आमच्याकडे अजून सूत चालतं, आठ सुतांचा इंच.) आता, "मला माहीत नाही" हे वाक्य मी कचेरीत तीस वर्षं इतरांकडून ऐकत आलोय, स्वतः कधी म्हटलेलं नाही. म्हटलं, "चांगल्यातला द्या." त्याच्याकडे सुती बरेच दिवस पडून होता. तोच चांगल्यातला निघाला.

घरी येऊन बॅटरीच्या नटाला लावून पाहिलं. एक पाना बसेना, त्याच्या पुढचा बसला पण ढिला. ढिल्यावर मी जोर लावला. नट जागेवरच राहिला, पाना गरकन फिरला आणि माझी बोटं पत्र्यावर आपटली. माझ्या पत्नीनं, सुमननं, हळद लावता लावता एवढंच विचारलं, की दुकानदाराला गाडी कुठली ते सांगितलं होतं का. मी म्हटलं, हळद जरा हळू लाव.

दुसऱ्या दिवशी एमएमचा आणला. सहापासून बावीसपर्यंत. प्रत्येक पाना एका टोकाला उघडा, दुसऱ्या टोकाला कड्यासारखा, आणि रेक्झिनच्या गुंडाळीत ज्याला त्याला आपापला कप्पा. दहा नंबरचा बॅटरीच्या नटावर असा नेमका बसला की एवढं समाधान मला लग्नातही झालं नव्हतं. (सुमन हे वाचेल तेव्हा वाचेल.)

मग धास्ती सुरू झाली. आळीत पाने आल्याची बातमी गेली होती आणि जो तो "जरा दोन मिनिटं द्या" म्हणत यायला लागला. शेवटी मी गुंडाळी काखेत मारून भांड्यांच्या दुकानात गेलो, तिथं नावं घालणारा बसतो त्याच्यापुढं उलगडली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पान्यांकडे पाहिलं आणि सवयीनं विचारलं, "कुणाप्रीत्यर्थ?"

"माझ्याच," मी म्हटलं. "खोल कोर. घासून जाता कामा नये."

प्रत्येक पान्यावर आलं: द. वि. साळेकर, भोर. गावाचं नाव मुद्दाम घातलं. हरवला तर सापडणाऱ्याला पत्ता कळावा, आणि चोरला तर चोराला रोज ते नाव वाचावं लागावं.

दिवाळीच्या तोंडावर सुमनचा धाकटा भाऊ बाळू वेल्ह्याहून आला. खांद्याला पिशवी, पिशवीत घरच्या भाताचे पोहे. एस.टी.ला अवकाश होता म्हणून माझ्याबरोबर गाडीशी उभा राहिला. मी बॅटरीची टोकं साफ करत होतो. म्हणजे मी सांगत होतो आणि तो करत होता. शेवटचे नट तेवढे मी स्वतः आवळले. काम झालं, तो चहा पिऊन गेला. संध्याकाळी गुंडाळी आवरायला घेतली तर दहा नंबरचा कप्पा रिकामा.

अंगण पाहिलं, गाडीखाली पाहिलं, कुंड्या हलवून पाहिल्या. मग मी फोन लावला. सुमन नको म्हणत होती.

"बाळू, दहाचा पाना चुकून तुझ्या पिशवीत तर नाही ना गेला?"

आता 'चुकून' हा शब्द दोन तऱ्हांनी म्हणता येतो. मी दुसऱ्या तऱ्हेनं म्हटला. पलीकडे पिशवी झटकल्याचा आवाज आला. त्याची बायको काहीतरी पुटपुटली.

"न्हाई, दाजी. झटाकली. न्हाई त्यात."

"नीट बघ," मी म्हटलं. "नाव आहे त्याच्यावर."

आधी फोन त्यानंच ठेवला. एरवी तो मी ठेवेपर्यंत थांबायचा.

आठवडाभरानं मी हार्डवेअरच्या दुकानात सुटा दहा नंबर मिळतो का विचारायला गेलो. दुकानदारानं गल्ल्यामागून कागदात गुंडाळलेला एक पाना काढून हातात दिला. तुमचे मेव्हणे येऊन गेले, पैसे त्यांनीच दिले, दाजी आले की द्या म्हणाले. म्हणजे बाळू भोरात आला होता. दुकानापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर आहे. तो घरी न येता परत गेला होता.

एखादा शहाणा माणूस तिथंच खाली बसला असता. मी ताठ मानेनं घरी आलो, पाना सुमनपुढं ठेवला आणि म्हटलं, "बघ. घेतलाच नसता तर भरून कशाला दिला असता?" (कचेरीत माझ्या तर्कशुद्ध टिपणांचं कौतुक होतं.)

सुमन म्हणाली, "तुम्ही मागितलात म्हणून दिला." त्यानंतर भाऊबीजेपर्यंत ती माझ्याशी भाजी, पाणी आणि गॅस एवढ्याच विषयांवर बोलली.

भाऊबीजेला बाळू आला नाही. भात कापणीला आलाय, असा निरोप आला. भात दरवर्षीच कापणीला येतो. सुमननं नवी साडी नेसून ताट केलेलं होतं, ते घेऊन ती संध्याकाळी गच्चीवर गेली आणि जिला भाऊ नसतो ती ओवाळते तसं चंद्राला ओवाळून आली. बीजेची नखाएवढी कोर, ती पण लगेच डोंगराआड गेली. शेजारच्या वहिनींनी खालून विचारलं, "का हो, भाऊ नाही आले?" सुमन म्हणाली, "कापणी आहे."

त्यानंतर दोनच दिवसांनी गाडी चालू होईना. बॅटरी उचलून काढली. खालच्या पत्र्याच्या खोबणीत, कुणी जपून ठेवावा तसा, पाना. द. वि. साळेकर, भोर. आवळून झाल्यावर मीच तो बॅटरीवर ठेवला होता, आणि बॉनेट मीच आपटलं होतं.

त्या क्षणी हाक मारली असती तर ही आठवण इथंच संपली असती, आणि बरी संपली असती. सुमन आत पोळ्या करत होती. मी पाना खिशात टाकला. सापडला म्हणायचं तर नुसतं तेवढंच म्हणून भागणार नव्हतं.

नाव घासून काढायला बसलो. निघेना. खोल कोर असं मीच सांगितलं होतं. नीरेत टाकावा म्हणून पुलावर गेलो, तर तीन ओळखीचे भेटले आणि तिघांनीही "काय साळेकर, फिरायला?" म्हणून मला बाजारापर्यंत सोबत दिली. भंगारवाल्याला द्यायला गेलो. त्यानं पाना उजेडात धरला आणि परत माझ्या हातात ठेवला. "नावाचा माल घेत नाही, साहेब. उद्या ह्या साळेकरानं तक्रार केली तर?" मीच तो साळेकर, हे सांगायचं धाडस झालं नाही. शेवटी कामानिमित्त पुण्याला निघालो होतो, तेव्हा एस.टी.च्या बाकावर ठेवून स्वारगेटला उतरलो. मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. फार हलकं वाटलं.

परत आलो तेव्हा आमच्याच आळीतले कंडक्टर दारात उभे होते आणि सुमन त्यांना चहा देत होती. "तुमचा पाना पुण्याला जाऊन आला बघा," ते कौतुकानं म्हणाले. "नाव होतं म्हणून बरं." ते जाईपर्यंत सुमन हसतमुखच होती.

मग तिनं पाना माझ्या ताटात ठेवला. भातावर.

"कधी सापडला?"

"भाऊबीज झाल्यावर."

"आज सापडला असं म्हणाला असतात तरी मी मानलं असतं," ती म्हणाली. "फोन लावा. माझ्यासमोर."

लावला. पाना सापडला, बॅटरीखाली होता, चूक माझी, असं सगळं बोललो. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा बोललो, त्यामुळे शब्द सापडायला वेळ लागला. बाळूनं ऐकून घेतलं.

"बरं झालं, दाजी."

"तुझा पाना परत पाठवतो."

"ऱ्हाऊ द्या की. दोन असल्यालं बरं. एक हरावला तर कुणाला इचारायला नको."

त्यानंतर तो आमच्या घरी आलेला नाही. भांडण नाही, अबोला नाही; फोन करतो, तब्येत विचारतो. फक्त दरवेळी काहीतरी काम निघतं. या वर्षीच्या भाऊबीजेला सुमन म्हणाली, तो येत नाही तर मी जाते, आणि गाडी तुम्ही चालवायची.

गेलो. ओवाळणं झालं, जेवणं झाली, बाळूनं वाढताना मला दोनदा आग्रहही केला. निघताना त्यानं तांदळाचं पोतं स्वतः डिकीत ठेवलं. तिथं पान्यांची गुंडाळी होती, ती त्यानं अलगद बाजूला सरकवली आणि अंगणातल्या सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, निघायच्या आदी पानं मोजून घ्या."

सगळे हसले. मीपण हसलो. सुमन मात्र गाडीत जाऊन बसली.

नसरापूरला चहाला थांबलो. ती केळी घ्यायला पलीकडे गेली आणि मी, खरं सांगतो, डिकी उघडून पाने मोजले. बाळूनं दिलेला बिननावाचा दहा नंबर होता. माझ्या नावाचा दहा नंबर मात्र नव्हता. त्यानं घेतला, की सुमननं त्याला देऊन टाकला, की आणखी काही, कळायला मार्ग नाही. विचारायची तर सोयच नाही.

सुमन परत आली तेव्हा मी बॉनेट उघडून बॅटरी उचलत होतो.

"काय झालं गाडीला?"

"काही नाही," मी म्हटलं. तिथंही नव्हता. फोन खिशातच राहू दिला. नाव आहे त्याच्यावर. यायचा असेल तर येईल घरी.