धाग्याने बांधलेला शेवटचा अध्याय

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, पाण्याची बाटली, एक भिंग आणि पुष्कळसा राग होता. निघाले होते ते माझंच पुस्तक परत आणायला. मी पुस्तकं कुणाला देत नाही. खाकी कव्हर घालते, पानाचा कोपरा दुमडणाऱ्या माणसाशी पुढे फार बोलत नाही, आणि कपाटाची किल्ली माझ्या उशाखाली असते. माझी भाची म्हणते, आत्याचं लग्न कपाटाशी झालंय. म्हणू दे.

हे पुस्तक नेलं होतं हवालदारांनी. त्यांची मुलगी माझ्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. हवालदार फौजेतून निवृत्त होऊन जत तालुक्यातल्या आपल्या गावी राहतात आणि पेन्शनच्या कामाला साताऱ्यात आले की मुलीकडे उतरतात. आषाढात असेच आले, माझं कपाट न्याहाळत राहिले आणि म्हणाले, मॅडम, श्रावणात गावात वाचायला एक द्या, जबान देतो. मिशा अशा काही होत्या की नाही म्हणवलं नाही. त्यातून बोट ठेवलं ते नेमकं माझ्या सर्वांत लाडक्या पुस्तकावर. माघ संपत आला तरी पुस्तक परत नाही. फोन केला की एकच उत्तर, अजून समाप्ती झाली नाही. एका कादंबरीला किती महिने लागतात, हे मला कुणी सांगावं.

आणि मला थांबायला वेळ नव्हता. दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पडद्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाणार. भिंती, झाडं, माणसं दिसत राहतील, पण ज्याच्याकडे रोखून बघाल तेच पुसट होईल. म्हणजे अक्षर. ओळीच्या मधला शब्द आत्ताच कुणी बोटाने पुसल्यासारखा दिसू लागला होता. डोळे आहेत तोवर ते पुस्तक एकदा स्वतः वाचायचं, एवढीच माझी इच्छा होती. ही गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नव्हती.

पुस्तकाचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या कुणीतरी मागायला येईल. धरणात गेलेल्या गावातल्या एका मुलीची ती गोष्ट आहे. माझी पहिली नेमणूक कोयनानगरला होती. पगार थोडा, पाऊस बेसुमार, आणि अधूनमधून जमीन हलून फळीवरची भांडी खुळखुळायची. तिथल्या एका खोलीत, बाविसाव्या वर्षी, मी ते पहिल्यांदा वाचलं. शेवटच्या पानावर ती बाई पाण्याच्या काठाशी येते, उन्हाळ्यात उघडा पडलेला देवळाचा कळस बघते आणि निघून जाते. मागे वळून बघत नाही. ते वाक्य मी जन्मभराचं घेतलं. बदल्या झाल्या, माणसं तुटली, आई गेली, लग्न राहून गेलं. दरवेळी मी मागे न बघता चालू लागले. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. मला ठाऊक होतं की तो खंबीरपणा मी एका पुस्तकातून उचलला आहे.

कराड गेलं, पेठनाका गेला. दोन्ही बाजूंना ऊस, नाहीतर तुटलेल्या उसाचे फड. सांगलीत उतरून भडंगाचा मोठा पुडा घेतला. राग असला तरी रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जाऊ नये. मग पाटी वाचून जतच्या गाडीत बसले. तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, ही तासगावची गाडी आहे. पाटीवरची अक्षरं मला नीट दिसली नव्हती, मी ती मनानेच भरून घेतली होती. त्याने पुढच्या फाट्यावर उतरवलं आणि वाचता येत नसेल तर विचारावं, मावशी, असं प्रेमाने बजावलं. आयुष्यभर कपाट भरून पुस्तकं वाचलेल्या बाईने हे ऐकून घेतलं आणि परत फिरणारी वडाप जीप धरली. जीपमध्ये डोळ्यांना पाणी आलं ते धुळीनं नव्हे.

कवठेमहांकाळ सोडलं की मुलूख बदलतो. द्राक्षांच्या बागा विरळ होत जातात, मग डाळिंबं, मग माळ. माळावर पवनचक्क्या, खाली काळ्या खडकात बाभळी. हवालदार फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. या वयात मी मागे बसून, भडंगाचा पुडा पोटाशी धरून, त्यांच्या घरी पोचले.

त्यांची बायको मायाक्का. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी पाणी प्यायच्या आधीच पुस्तक मागितलं. तिने हात धुतले, देव्हाऱ्यातून लाल फडक्याची पुरचुंडी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. फडकं सोडलं तर माझ्या खाकी कव्हरवर हळदीची पाच बोटं आणि मधोमध कुंकू. मी काही बोलायच्या आत मायाक्का कौतुकाने म्हणाली की दर सोमवारी न चुकता लावते. दुसऱ्याच्या घरची पोथी आहे, हेळसांड होऊ दिली नाही.

मग एकेक गोष्ट उलगडली. गावात श्रावणात पोथी लागते. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. हवालदार वाचणारे. यंदा त्यांनी ठरवलं, पोथ्या पाठ झाल्या आहेत, एक गोष्टीचं पुस्तक लावून बघू. पण लावायचं म्हटल्यावर रीत तीच. सोमवारी एक अध्याय. वाचणाऱ्याने पुढचं चोरून वाचू नये म्हणून शेवटच्या अध्यायाची पानं धाग्याने बांधायची. आणि ज्याने पहिलं पान ऐकलं त्याच्या गैरहजेरीत शेवटचं वाचायचं नाही. ऐकणाऱ्याला इथे 'कान' म्हणतात. सगळे कान जमल्याशिवाय समाप्ती नाही. माझ्या कादंबरीचा शेवट खरोखरच पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला होता.

अडलं होतं ते एका माणसापाशी. अर्थ सांगणारे धुळाप्पा, म्हणजे मायाक्काचे थोरले भाऊ. पाऊस दगा देऊन गेला, चारा संपला, आणि त्यांचा वाडा (मेंढ्या आणि बिऱ्हाडासह फिरता मुक्काम) दरवर्षी दिवाळीनंतर हलायचा तो यंदा दसऱ्यालाच पश्चिमेकडे निघून गेला. एकच अध्याय राहिला होता. मी म्हटलं, मग फोनवर ऐकवा त्यांना. हवालदार मिशीत हसले. मायाक्का हसली नाही.

"फोनवर जेवता येतं व्हय, बाई?"

संध्याकाळी तिने हुलग्याचं माडगं केलं (हुलगे भाजून दळलेल्या पिठाची गूळ घातलेली पातळ लापशी). वर तूप. मी दोन वाट्या प्याले आणि राग थोडा सैल झाला. सकाळी मात्र उन्हात बाज टाकून पुस्तक उघडलं. दोऱ्याच्या अलीकडचं वाचायला मला मोकळीक होती. दोन पानं झाली. तिसऱ्यावर मुलीच्या आईचं वाक्य मधूनच गायब. पुस्तक तिरकं धरलं, भिंग लावलं. भिंगाने पुसट शब्द मोठा झाला, स्पष्ट झाला नाही. पुढचं मी डोळ्यांनी वाचतेय की पाठ म्हणतेय, हेही मला कळेना. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मायाक्का समोर शेळीला पाला घालत होती. ती येऊन बाजेच्या कडेला टेकली. मग जे भाचीला सांगितलं नाही, ते मी या परक्या बाईला सांगितलं.

ती हळहळली नाही. देवाचं नाव काढलं नाही. उठून आत गेली आणि हवालदारांना म्हणाली, टेम्पो सांगा. शिराळ्याकडं जायचं, दादाच्या वाड्यावर.

दुसऱ्या दिवशी गावातले सगळे कान टेम्पोत बसले, सात-आठ माणसं. कुणी शेळ्या शेजाऱ्याच्या दावणीला बांधून आलं होतं, कुणी सुनेला कोंबड्या सांगून. मला ड्रायव्हरशेजारी मानाची जागा. मांडीवर लाल पुरचुंडी. मागे भडंगाचा पुडा फिरत होता आणि गोष्टीतल्या बाईवर जोरात वाद चालला होता. एक म्हातारी म्हणत होती की ती परत नवऱ्याकडे जाणार. दुसरीला नवराच पसंत नव्हता. मला शेवट ठाऊक होता, त्यामुळे सगळे अधूनमधून माझ्या तोंडाकडे बघायचे. मी तोंड घट्ट मिटून बसले. चाळीस वर्षं हे पुस्तक मी एकटीने, दार लावून वाचत आले. त्या बाईबद्दल कुणाशी भांडावं, असं कधी मनातही आलं नव्हतं.

शिराळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून ऊस तुटलेल्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. खतासाठी शेतकरीच बोलावून घेतो. घोड्यावर लादायचं सामान एका कडेला, चुलीवर चहा. मेंढीच्या दुधाचा चहा मी पहिल्यांदाच प्याले. घट्ट, थोडा उग्र. दुसरा कप मागून घेतला.

धुळाप्पा सत्तरीचे. लाल पटका, खांद्यावर घोंगडी. बहिणीला बघून हातातली काठी त्यांनी खाली टाकली. समाप्तीला आलोय म्हटल्यावर त्यांनी लगेच घोंगडी अंथरली आणि पुस्तकाची मालकीण म्हणून मला तिच्यावर बसवलं. हवालदारांनी चष्मा लावला. दोरा सोडायचा मान मायाक्काने मला दिला. गाठ मला दिसली नाही, बोटांनीच चाचपून सोडली.

हवालदारांचं वाचन फौजी. परेडची ऑर्डर दिल्यासारखं प्रत्येक वाक्य सुटं. पहिली काही वाक्यं मला सोसवेनात. मग हळूहळू मी मनातलं पाठांतर थांबवलं आणि ऐकू लागले. परिच्छेद झाला की ते थांबत आणि धुळाप्पा अर्थ सांगत. पाणी, कळस, ती बाई. मेंढ्यांच्या घंटा मध्येच वाजत होत्या. शेवटचं वाक्य आलं, ती मागे न वळता चालत राहिली. सगळे धुळाप्पांकडे बघू लागले.

ते म्हणाले, "मेंढरं चालत्यात तवा एक मानूस म्होरं असतो, एक मागं. म्होरचा मागं वळून बघत न्हाई. त्याला ठावं असतंय, मागं मानूस हाय. पडल्या कोकराला त्यो उचलतोय."

मला राहवलं नाही. मी म्हटलं की पुस्तकात तसं नाही. तिचं कुणीच उरलेलं नाही, ती एकटी आहे, म्हणून ती मागे बघत नाही. या वाक्यावर मी जन्म काढला आहे, मला माहीत आहे.

धुळाप्पांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "कुनीच न्हाई कसं, आवं? श्रावणापास्नं आमी तिच्या मागनंच चाललोय न्हवं? आन् आमच्या आदी तुमी."

त्यांचा अर्थ मला पटला असं नाही. लेखकाने तसं लिहिलेलं नाही, हे मी आजही सांगेन. पण त्या उन्हात, त्या रानात मी मनापासून रडले, आणि मायाक्काने मला रडू दिलं.

डोळे पुसते तोवर हवालदारांनी पानं उलटली आणि पुन्हा पहिलं पान वाचायला घेतलं. ती मुलगी अंगणात खेळतेय, आई जेवायला हाक मारतेय. मी विचारलं, हे काय? मायाक्का म्हणाली की हीसुद्धा रीत. समाप्ती झाली की लगेच पहिलं पान वाचायचं, म्हणजे गोष्ट संपत नाही. येत्या श्रावणात तिथूनच पुढे. पान संपल्यावर हवालदारांनी पुस्तक फडक्यात बांधलं आणि जबान दिल्याप्रमाणे माझ्यापुढे धरलं. न्यायचं तर न्या, पुस्तक तुमचंच आहे, म्हणाले.

मी हात पुढे केला. तेवढ्यात मायाक्का सगळ्यांकडे बघत म्हणाली, "आता बाईंनी बी पयलं पान ऐकलंया. औंदा एक कान वाढला. त्या आल्याबिगर समाप्ती न्हाई."

पुरचुंडी मी धरली, क्षणभर छातीशी लावली आणि तिच्याच हातात परत दिली.

शिराळ्याहून कराड, कराडहून सातारा. या वेळी गाडीची पाटी मी विचारून घेतली. शेजारच्या सीटवरच्या मुलीने वाचून सांगितली आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. पिशवी हलकी होती. खिडकीतून अजिंक्यतारा दिसला, किल्ल्याची कड डोळ्यांना थोडी वाकडी दिसली, पण ओळखू आली.

घरी येऊन कपाट उघडलं. लाडक्या पुस्तकाच्या जागेची फट इतके महिने मला सलत होती. ती तशीच ठेवली आहे. उलट तिच्या शेजारची दोन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली आहेत, हवालदार पुढच्या पेन्शनला येतील तेव्हा द्यायला. कपाटाची किल्ली आता उशाखाली नसते, कपाटालाच असते. भाचीलाही डोळ्यांचं सांगितलं. ती रागावली, मग रोज संध्याकाळी येऊन पेपर वाचून दाखवू लागली. फार भरभर वाचते, तिला अजून शिकवायचं आहे.

श्रावणात मी जतला जाणार आहे. वाडा कुठेही गेला तरी शेवटच्या अध्यायाला हजर राहणार आहे. तोवर डोळे राहिले तर डोळे घेऊन जाईन, नाहीतर नुसते कान घेऊन. त्यांनी बोलावलंय ते कानांनाच.