खालच्या खोलीतलं कुत्रं

बहिणीनं कुत्रं आणल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, या वयात हे काय खूळ? ती म्हणाली, "दादा, ये आणि बघ तरी."

मी डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागे एका खोलीत राहतो. एकटा. बहीण गाडीनं तासाभरावर, स्वतःच्या घरात. ती नर्स होऊन इकडे परदेशात आली आणि मागून मला नि बायकोला आणलं. मी चौथी शिकलेला. दुकानांत हमाली केली, तांदळाची पोती उचलली, पण कुणाच्या घरात फुकट राहिलो नाही. पुढे बायको गेली, पाठोपाठ मेहुणेही गेले. तेव्हा बहीण म्हणाली, "आता माझ्याकडेच राहायला ये." मी सरळ नाही म्हटलं. भावानं बहिणीकडे पाहुणा म्हणून जावं, दोन दिवस राहावं, परत यावं. तिच्या घरी कायमचं बसलेल्या भावाला आमच्याकडे मान नाही.

रविवारी ती मला न्यायला आली. मी नेहमीसारखी पिशवी भरून घेतली. तूप, चिवडा, मिठाई. तिच्याकडे जेवायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, हा माझा नेम.

दार उघडलं आणि ते भुंकत आलं. मांजराएवढं, तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला.

"हाड्!" माझ्या तोंडून निघून गेलं. जन्माची सवय. ते तिच्या पायांमागे लपलं.

"अरे, हाड काय करतोस? घरचा आहे तो."

"कुत्रं कधीपासून घरचं झालं?"

"तूच म्हणालास म्हणून झालं."

"मी?"

"मी विचारलं नव्हतं का, एवढ्या घरात एकटीनं काय करू? तू म्हणालास, कुत्रं पाळ."

म्हणालो होतो. पुन्हा पुन्हा विचारत होती म्हणून चिडून म्हणालो होतो. त्यानंतर तिनं विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, समजली एकदाची.

कुत्र्याचा म्हातारा मालक वारला, त्याच्या मुलांनी ते शेल्टरमध्ये सोडलं. "मी ॲडॉप्ट करायला गेले तर भिंतीकडे तोंड करून बसलेला. कुणाकडे बघेना," ती सांगत होती.

"हट्टी दिसतंय."

"तुझ्यासारखाच. पण हा आला."

मी हात धुवायला खालच्या खोलीत गेलो. तिथेच न्हाणीघर आहे. खोलीत खिडकीजवळ त्याची गादी, गादीवर तिचा चावलेला मोजा. न्हाणीघरात टबाशेजारी भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा, त्याला कुत्र्याचा पट्टा अडकवलेला.

"हा दांडा कधी बसवलास?" मी आतूनच विचारलं.

"तुला पहिल्यांदा विचारलं त्याच्या आधी. तुझा गुडघा दुखतो ना. आता ह्याला आंघोळ घालताना पट्टा अडकवायला बरा पडतो."

तिनं हे अगदी सहज सांगितलं. मी दांडा धरून बघितला. जरासुद्धा हलला नाही. बराच वेळ मी तो धरूनच उभा होतो. शेवटी ती म्हणाली, "दादा, पोळ्या गार होतायत."

जेवताना ते टेबलाखाली आलं. मी पोळीचा तुकडा खाली धरला. त्यानं वास घेतला, मग तिच्याकडे बघितलं. ती "घे" म्हणाली, तेव्हा घेतला.

"त्याच्यासाठी पिशवीत काही नाही आणलंस ना?" तिनं चिडवलं.

"पुढच्या वेळी आणतो," मी म्हटलं.

संध्याकाळी सोडायला आली तेव्हा ते मागच्या सीटवर होतं. वाटभर मी शब्द जुळवत होतो. अजून एकदा विचार, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या दाराशी गाडी थांबली. मी म्हणालो, "दांडा पक्का बसलाय."

"हो रे. चांगल्या माणसाकडून बसवून घेतला होता."

मी उतरलो. ते मागून उडी मारून पुढे आलं आणि माझ्या जागेवर, जिथे सीट अजून ऊबदार असेल तिथे, अंगाचं वेटोळं करून बसलं. बहीण माझ्याकडे बघत होती. मी हळूच दार लावलं, त्याची शेपटी सापडणार नाही असं.