सुलभाताई सातला पुन्हा गेल्या

मंडळी, आत्ताच गोवंडीहून घरी आलेय आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आमच्या सुलभाताई बालकल्याण खात्यात मोठ्या अधिकारी होत्या. रिटायर झाल्या तरी अजून घरोघरी फिरतात, फुकट. आज मी पहिल्यांदाच त्यांच्यासोबत गेले. सात वर्षांची एक मुलगी बालगृहात आहे, आईला ती परत हवीय. घर बघून रिपोर्ट द्यायचा होता.

दुपारी तीनला गेलो. आई धुण्याभांड्याच्या कामातून धावत आली होती. गॅस थंड, डबे जवळपास रिकामे. मी फॉर्मवर लिहून टाकलं, 'घरात जेवण नाही.'

ताईंनी ते वाचलं आणि आईला विचारलं, "जेवण कधी करतेस गं?"

"सातला, कामावरून आल्यावर. येतानाच सामान आणते."

"मग आम्ही सातला येतो."

चार तास थांबायचं? मी वैतागले. तेव्हा ताई म्हणाल्या, "नोकरीत नवीन असताना मढच्या एका कोळणीच्या घरी मी हेच वाक्य लिहिलं होतं. ती मासळी विकायला गेलेली. तिचा मुलगा वर्षभर संस्थेत राहिला. माझ्यामुळे."

इतकी मोठी बाई, आणि स्वतःची चूक माझ्यासारख्या नवखीला अशी सरळ सांगते!

सातला डाळ उकळत होती. "लेकीला पातळच आवडते," आई म्हणाली. मी माझं वाक्य खोडलं.

घरी येऊन फ्रीज उघडला. अर्धा कांदा आणि सॉसची बाटली.

आज दुपारी तीनला कोणी फॉर्म घेऊन तुमच्या घरी आलं असतं, तर काय लिहून गेलं असतं?