कॅलेंडरकाकांचा रविवार

बेचाळीस ड्रायव्हरांच्या त्या डेपोत एकच माणूस असा होता, ज्याच्या डोक्यात दोन वेळापत्रकं सुखाने नांदत होती. एक गाड्यांचं, दुसरं भट्टी क्लबचं. कोणती गाडी कोणत्या थांब्यावर किती वाजता, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगे, आणि भट्टीवाले चौदा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कोणाशी कुठे खेळले आणि त्या दिवशी मैदानात किती चिखल होता, हेही सांगे. म्हणून सगळा डेपो त्याला कॅलेंडरकाका म्हणे. पाठीमागे नुसतं कॅलेंडर. काकांना दोन्ही ऐकू येई आणि दोन्ही आवडे.

भट्टी क्लब हा काचेच्या भट्टीवर राबणाऱ्या कामगारांनी काढलेला फुटबॉलचा संघ. भट्टी केव्हाच विझली, पण केशरी रंगाचा सदरा आणि नाव मागे राहिलं. एकोणीस वर्षं हा संघ खालच्या विभागात रखडला. यंदा उन्हाळ्यात, शेवटच्या सामन्यातल्या शेवटच्या काही मिनिटांत एक गोल मारून, तो वरच्या विभागात गेला. तो गोल काकांनी पाहिला नाही. ते त्या वेळी साठ प्रवासी घेऊन घाट उतरत होते. मागच्या सीटवरचा एक माणूस फोनवर बघून किंचाळला, तेव्हा काकांना वाटलं, कोणाचा तरी हात दारात सापडला.

काकांचं दुःख ते हेच. भट्टीवाल्यांचे घरच्या मैदानावरचे सामने नेहमी रविवारी, आणि रविवारची साप्ताहिक सुट्टी काकांच्या नशिबात नाही. डेपोत सुट्टीचा वार वर्षातून एकदा ठरे. भिंतीवर यादी लागे, प्रत्येक वाराला ठरावीक जागा, आणि सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरने आधी नाव लिहायचं. काका दहावे होते. त्यांची पाळी येईपर्यंत रविवार भरलेला असे. शनिवारी शाळा-कचेऱ्या बंद, गाड्या अर्ध्या रिकाम्या, काम हलकं. असला हलका वार सुट्टीत घालवायला कोणी तयार नसे, म्हणून काकांच्या पाळीला शनिवार मोकळाच असे. बायकोच्या शिलाई कारखान्याला शनिवारी सुट्टी असे, तेव्हा काकांनी अकरा वर्षं तोच धरला. शनिवारी दोघं घर झाडत, गाद्या उन्हात टाकत, दुपारी झोपत. रविवारी काका गाडी चालवत आणि प्रवाशांच्या तोंडाकडे बघून स्कोअर ओळखत.

आणि यंदा, एकाच तुकडीत लागलेले नऊजण एकाच वर्षी निवृत्त झाले. दहावे काका पहिले झाले. त्यांच्या स्वतःच्या नोकरीचंही हे शेवटचं वर्ष. संघ वरच्या विभागात आणि काका यादीत वर! असा योग पुन्हा येणार नव्हता.

शुक्रवारी दुपारी यादी लागली, यंदा प्रत्येक वाराला सहा जागा. भिंतीपाशी गर्दी झाली. क्लबचं वेळापत्रक मात्र सोमवारी यायचं होतं.

यादीत काकांच्या खालोखाल असलेल्या ड्रायव्हरचा आवाज इतका मोठा की त्याला सगळे हॉर्न म्हणत. तो म्हणाला, "काका, जरा दमानं. वरच्या विभागात शनिवारीपण सामने असतात म्हणे."

काकांनी पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही. ऐकणारे पुरेसे जमेपर्यंत ते थांबले.

"मैदानाच्या रस्त्यावर शनिवारी काय असतं?"

"काय?"

"बाजार. टोपल्या, हातगाड्या, बकऱ्या. त्या रस्त्यावर शनिवारी सायकल शिरत नाही, तिथे दहा हजार माणूस शिरेल? पोलीस परवानगी देतील? एकोणीस वर्षांत एक सामना शनिवारी झालेला दाखव, मी मिशी काढतो."

असं म्हणून काकांनी रविवारच्या पहिल्या ओळीत आपलं नाव लिहिलं. अक्षर असं, की जणू पाटीच रंगवतायत. हॉर्नने दुसरं लिहिलं. मग पुढच्या चौघांनी एकमेकांना कोपरं मारत लिहिलं. दहा मिनिटांत रविवार भरला. सहाच्या सहा भट्टीवाले, सगळे काकांच्या शब्दावर.

सोमवारी दुपारी कँटीनमध्ये हॉर्नचा फोन वाजला. वेळापत्रक आलं होतं. त्याने ते वाचायला घेतलं आणि हळूहळू त्याचा आवाज बसत गेला. असं यापूर्वी कोणी ऐकलेलं नव्हतं.

"पहिला सामना, घरी, शनिवार. तिसरा, घरी, शनिवार. पाचवा, शनिवार... काका, घरचे एकूण पंधरा. त्यात अकरा शनिवार."

 काका म्हणाले, "छापताना चुकलं असेल. शनिवारी बाजार असतो."

"बाजार कुठला? गेला की तो वखारीमागच्या नव्या ओट्यांवर! सहा महिने झाले."

"सहा महिने? मला कसं दिसलं नाही?"

"शनिवारी गाडी चालवली असती तर दिसलं असतं! तुम्ही शनिवारी घरी गाद्या उलथ्या करत बसता."

सगळे हसले, पण ते हसू काकांच्या अंगावर सांडलेल्या गरम चहासारखं होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि मिशीवर हात ठेवला. कोणीतरी मागून म्हणालं, "काका, वस्तरा आणू?"

त्या दिवसापासून काका कामाला लागले. यादी पक्की व्हायला आठ दिवस होते, आणि तोवर दोघांनी सह्या करून सुट्ट्यांची अदलाबदल करायला मुभा होती. शनिवारवाल्या सहांतले बहुतेक काही फुटबॉलचे वेडे नव्हते. बायकापोरं रविवारी घरी, तेव्हा रविवार मिळतोय म्हटल्यावर त्यांना आनंदच झाला. काकांनी एकेकाला गाठलं. डिझेलच्या रांगेत, पंक्चरच्या खोलीत, नळावर. पण सही आधी स्वतःची केली नाही.

हॉर्न म्हणाला, "अहो, तुमचं आधी उरका. तुम्ही एक नंबर."

"माझ्या शब्दावर तुम्ही पाचजण बुडालात. आधी तुम्ही काठाला लागा."

पाच सह्या झाल्या. पाच शनिवार गेले. राहिला एक, यादीत सगळ्यांत शेवटी, बेचाळिसाव्या नावापुढचा. ते नाव होतं नव्या ताईंचं. नोकरीला लागून त्यांना तीन वर्षं झाली होती, पण त्यांच्यानंतर कोणी लागलंच नव्हतं, त्यामुळे त्या नव्याच राहिल्या.

काका गेले तेव्हा ताई गाडीभोवती फिरत पान्याने टायर ठोकून बघत होत्या. उजव्या हाताची दोन बोटं चिकटपट्टीने एकमेकांना बांधलेली. ती बोटं काकांनी पूर्वीही बघितली होती. इंजिनच्या झाकणात सापडली असतील, असं त्यांनी धरलं होतं.

"ताई, तुमचा शनिवार मला द्या. माझा रविवार घ्या. डेपोत याहून चांगला सौदा नाही."

"काका, दुसरं काहीही मागा. माझी घाटाची ड्युटी मागा, देते. शनिवार नको."

"शनिवारी कोणी येतं का घरी?"

"नाही. शनिवारी माझी मॅच असते."

काकांचा चेहरा खुलला. "म्हणजे तुम्हीपण भट्टीवाल्या! तीन वर्षांत बोलला नाहीत! मग आपण असं करू, अर्धे सामने तुम्ही बघा, अर्धे..."

"बघायला नाही काका. खेळायला."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. जणू हे वाक्य दुसरंच कोणी बोललं असावं.

"कुठे?"

"पाण्याच्या टाकीमागे. बायकांचे आठ संघ आहेत. आमच्यात दोन नर्स, एक वीजवाली, तिघी बिस्किटाच्या कारखान्यातल्या. मी गोलकीपर. आजवर माझी सुट्टी मंगळवारची होती, त्यामुळे दोन वर्षांत तीनच मॅच मिळाल्या. त्यापण रजा टाकून. यंदा अकरा वर्षं कोणीतरी धरून ठेवलेला शनिवार मोकळा झाला, म्हणून नाव लिहिलं." ताई हसल्या. "तुम्हीच सोडलात ना तो?"

 मग त्यांच्यातला जुना जाणकार जागा झाला. त्यांनी हात पाठीमागे बांधले.

"कॉर्नरला पुढे येऊन बॉल घेता, की रेषेवर थांबता?"

"रेषेवर थांबून काय लोणचं घालायचं? पुढे येते, म्हणून तर बोटं अशी."

"डावीकडून आला तर?"

"डावीकडून जरा घोटाळा होतो," ताई पान्याकडे बघत म्हणाल्या. "उन्हं डोळ्यांवर येतात."

"टोपी घाला," काका म्हणाले आणि निघून गेले.

ड्युट्या लावणारा कंट्रोलर साहेब भला माणूस. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे, पण ज्येष्ठतेचा नियम तोंडपाठ होता. तो म्हणाला, "काका, कशाला लोकांच्या पाया पडताय? तुम्ही सर्वांत ज्येष्ठ. 'फेरनिवड हवी' अशी एक ओळ लिहून द्या, तुमचं नाव शनिवारात घालतो. शनिवारातलं शेवटचं नाव आपोआप तुमच्या जागी रविवारात सरकेल." त्याने कोरा कागद पुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

काकांनी पेन उचललं. खिडकीबाहेर गाड्या धुण्याचं काम चाललं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे मैदान आलं. पूर्वेकडचा लाकडी बाक, चुन्याची ताजी रेघ, बोगद्यातून बाहेर येणारे केशरी सदरे आणि एकोणीस वर्षांनी आलेला तो वरचा विभाग. अकरा शनिवार. पुढच्या वर्षी सगळेच वार आपले असतील हे खरं, पण तेव्हा संघ वरच्या विभागात असेल याची हमी काकासुद्धा देत नव्हते. त्यांनी ओळखलं होतं, या संघाचं काळीज मोठं आहे आणि बचाव कच्चा आहे.

त्यांनी 'फेर' एवढं लिहिलं. पुढे पेन चालेना. आयुष्यभर ते बाकावर बसून, गाडीत बसून, दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून खेळ बघत आले होते. उभ्या डेपोत खेळणारं माणूस एकच निघालं होतं.

त्यांनी कागदाची घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातली.

"काय झालं?" साहेबाने विचारलं.

"खेळणाऱ्याचा वार काढून बघणाऱ्याला द्यायचा? असला फाउल मी केला नाही कधी."

"फाउल म्हणजे?"

"तुम्ही राहू द्या. मला एक करा. शनिवारी सामन्याला मैदानावर जी जादा गाडी सोडाल, ती माझ्या नावावर लावा. सगळ्या शनिवारी."

संध्याकाळी काकांनी घरी वेळापत्रक टेबलावर पसरलं. बायको मटार सोलत बसली होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे पंधरांतले हाताशी किती?"

"तीन रविवार. आणि एक बुधवार, तो संध्याकाळचा. सकाळपाळी घेतली की तोपण आपला. चार."

"चारच?"

"चारच काय? कोणते चार ते बघ!" काकांनी चष्मा पुसला. "पहिला रविवार नदीपलीकडच्यांशी. हा सामना म्हणजे भाऊबंदकी, हा सोडून बाकी दहा बघितले तरी उपयोग नाही. दुसरा गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी. तेव्हा ते थकलेले असतील, तीन दिवस आधी त्यांचा बाहेरगावी सामना आहे, हे बघ. इथे आपण बरोबरी काढतो. तिसरा शेवटून दुसरा. तोवर आपण एकतर बुडत असू नाहीतर तरत असू, दोन्हीत मजा आहे. आणि बुधवारचा..."

"हे चारच चांगले आहेत, हे तुम्हाला आज दुपारनंतर कळलं ना?"

"वेळापत्रक वाचायला अक्कल लागते," काका म्हणाले आणि चार मटार तोंडात टाकले.

"बाजाराचं सांगताना हीच अक्कल होती का?"

काकांनी ते ऐकलं नाही. त्यांचं बोट बुधवारवर होतं.

पहिल्या शनिवारी दुपारी जादा गाडी डेपोतून निघाली तेव्हा तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाठीमागच्या सीटवर अदलाबदल केलेले पाचही ड्रायव्हर, गळ्यात केशरी रुमाल. आपल्याच डेपोच्या गाडीत प्रवासी होऊन बसल्याचा त्यांना कोण आनंद! दर थांब्याला बेल काय वाजवत होते, "ड्रायव्हर, सावकाश!" काय ओरडत होते. काका आरशातून डोळे वटारत होते आणि मिशीआड हसत होते.

मैदानापाशी गाडी रिकामी झाली. हॉर्न दाराशी थांबला.

"काका, वाईट वाटतं हो. तुमच्यासाठी काय करू?"

"तुझा आवाज कधी नव्हे तो कामाला येईल. मोठ्यांदा ओरड. मी इथे वीस मिनिटं आहे."

वीस मिनिटांनी तीच गाडी पुढे वखारीपर्यंत जायची होती. हळूहळू तिकडचे प्रवासी चढले. एक आजी कोबीची पिशवी घेऊन पहिल्या सीटवर बसल्या. काका स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होते. भिंतीपलीकडे कधी कुजबुज, कधी एकदम कण्हणं, कधी शिट्टी. त्यांना सगळं दिसत होतं. आता बॉल डाव्या बाजूला. आता कोणीतरी पडला. आता पंचाचं चुकलं.

निघायची वेळ झाली. काकांनी इंजिन चालू केलं, दार बंद केलं, आणि तेवढ्यात आतून टाळ्या सुरू झाल्या. आधी विरळ, मग एका तालात, मग दाट. काकांचा पाय ब्रेकवरून निघाला नाही.

आजी म्हणाल्या, "काय रे, गाडी बिघडली का?"

"नाही आजी. अर्धा मिनिट. कॉर्नर आहे."

"कोणाचा?"

"आपला."

आजींनी कोबीची पिशवी मांडीवर घेतली. "मग थांब की. कोबीला कुठे घाई आहे?"

टाळ्या थांबल्या. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. आणि मग भिंतीपलीकडून असा लोट उठला, की गाडीच्या काचा थरथरल्या. त्या सगळ्या आवाजात एक आवाज इतका वरचा होता, की काकांनी तो हजारांत ओळखला.

"झाला?" आजींनी विचारलं.

"झाला," काका म्हणाले. त्यांनी रुमालाने डोळे टिपले, आरसा नीट केला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा एक मिनिट उशिरा गाडी सोडली.