पाणमांजर आणि माझा स्पीकर

ये, फोनच्या जरा जवळ सरक आणि कान इकडे दे. हो धाकटे, तुलाच म्हणते. साठी उलटली, तरी थोरल्या बहिणीला खोटारडी म्हणायची तुझी खोड काही गेली नाही.

आमच्या शुगर लँड गावातल्या घरामागे तळं आहे. थंडीत तिथे पांढरे पेलिकन उतरतात, परगावची बदकं येतात, आणि यंदा आली पाणमांजरं. एक आई, दोन पिल्लं. पहिल्यांदा दिसली तेव्हा नेमका फोन घरी. तुला सांगितलं तर म्हणालीस, "अगं, घूस असेल. तिकडच्या घुशीही खाऊनपिऊन सुखी!"

झोंबलं मला. मग रोज व्हिडिओ कॉल लावून तुला तळं दाखवायला लागले. माझी सकाळची फेरी म्हणजे तुझी दिवेलागण, आपली बोलायची वेळ तीच. वर्षानुवर्षं स्पीकर लावून, तळ्याकाठाने ओरडत चालायचं. इंडिया लांब आहे ना, हळू बोलले तर पोचेल कसं! पाण्यातून चपटं डोकं वर आलं की मी म्हणायची, "दिसलं का गं?" तू म्हणायचीस, "कुठे? नुसतं पाणीच हलतंय!" त्यात तुझ्या टीव्हीवरची सासू किंचाळायची. की डुबुक. अख्खी थंडी तुला मी फक्त पाणी दाखवलं.

एकदा दहा वर्षांची नात बरोबर आली. म्हणाली, "आजी, दे कॅन हिअर यू." म्हणे, माझ्या ओरडण्यानेच पळतात ती! असा राग आला! पण दुसऱ्या दिवशी फोन सायलेंट करून स्वेटरच्या खिशात टाकला आणि बाकावर गप्प बसले.

आई काठावर चढली. पंजात मासा धरून डोक्याकडून कुडुमकुडुम खात होती, तू बोंबील खातेस तशी. पिल्लं एकमेकांना ढकलत होती. मी हलले नाही.

घरी येऊन बघते तर तुझे अकरा मिस्ड कॉल. "वाटलं, पडलीस की काय तळ्यात!" म्हणून तूच माझ्यावर डाफरलीस. ती दिसली हे सांगितलं, तर हसलीस.

आता मी करू तरी काय? तू फोनवर असलीस की ती पळतात, आणि ती आली की तू नसतेस. व्हिसा पासपोर्टात पडून आहे आणि तुझं आपलं आधी गुडघा, मग घराचं रंगकाम. पेलिकन गेले परवा. पाणमांजरं आहेत अजून, पण ती काही तुझ्या रंगाऱ्यासाठी थांबायची नाहीत.

तिकीट काढ आणि लवकर ये गं. फोन दोघींचेही घरी ठेवू. बाकावर तासभर तोंड मिटून बसायची सवय मात्र आतापासूनच कर.